ऑइलचा दाब कुठे गेला?

गळीत हंगाम तोंडावर आला की कराड, वाळवा, पलूस भागातल्या गॅरेजांसमोर ट्रॅक्टरांची रांग लागते. पुढचे चार-पाच महिने उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढायच्या, रात्र-रात्र कारखान्याच्या वजनकाट्यापुढे नंबर लावून थांबायचे, आणि मध्येच इंजिनाने दगा दिला तर तोडणीची टोळी फडात बसून राहणार, हे प्रत्येक मालकाला ठाऊक असते. त्या रांगेत एक तक्रार हमखास ऐकू येते : इंजिन गरम झाले की ऑइल दाखवत नाही. म्हणजे दाबाचा काटा खाली उतरतो, किंवा गाडी स्लोला असताना लाल दिवा लुकलुकतो. यावर बहुतेक ठिकाणी तीनपैकी एक उपाय होतो. जाड ऑइल भरले जाते, नाहीतर पंपातल्या स्प्रिंगमागे एखादा वायसर सरकवला जातो, नाहीतर बाजारातून नवा पंप आणून बसवला जातो. तिन्ही उपायांनी काटा काही दिवस वर येऊ शकतो. पण दाब नेमका कुठे जातो आहे, हे तिन्हींत कोणी मोजून पाहिलेले नसते.

जुन्या इंजिनाचा ऑइल पंप बहुतेक वेळा नीट करता येतो आणि क्रँक किंवा ब्लॉकच्या कामापुढे त्याचा खर्च किरकोळ असतो. मात्र तो उघडण्याआधी आणि उघडल्यावर मोजमाप झाले पाहिजे, आणि त्या मोजमापाचा कागद गाडीमालकाच्या हाती पडला पाहिजे. यंत्रांशी शंभर वर्षांची ओळख असलेल्या सातारा-सांगलीच्या मुलखात ही अपेक्षा अवाजवी नाही.

पंपाचे काम आधी समजून घेऊ. आपल्याकडच्या शेतकऱ्याला पंप म्हटले की विहिरीवरचा किंवा नदीवरचा पंप आठवतो. त्यात पंखा फिरतो आणि पाणी बाहेर फेकले जाते. डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह बंद राहिला तरी काही काळ पाणी आतल्या आत घुसळत राहते, लगेच काही मोडत नाही. इंजिनातला ऑइल पंप वेगळ्या जातीचा आहे. त्यात दोन गिअर एकमेकांत अडकून फिरतात. ऑइल त्या दोघांच्या मधून जाते असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात ते दातांमधल्या खाचांत भरते आणि पंपाच्या भिंतीलगत, बाहेरून वळसा घालून पलीकडे पोचते. मध्यभागी दात एकमेकांत बसलेले असल्यामुळे त्याला परतीची वाट उरत नाही. रोटरच्या पंपातही तत्त्व हेच. आतल्या रोटरला बाहेरच्यापेक्षा एक पाकळी कमी असते, त्यामुळे फिरताना दोघांमधली पोकळी एका बाजूला मोठी होत जाते आणि दुसऱ्या बाजूला आवळली जाते. असा पंप प्रत्येक फेऱ्याला ठरावीक ऑइल पुढे ढकलणारच. वाट अडली तर काहीतरी फुटेल, म्हणून त्याला रिलीफ व्हॉल्व्ह द्यावा लागतो. साताऱ्यातच तयार झालेल्या प्रिया स्कूटरवर वाढलेल्या पिढीला या पंपाशी कधी गाठ पडली नाही, कारण टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलमध्ये मिसळलेले ऑइल पुरते.

पंप ऑइल ढकलतो, दाब मात्र तो एकटा तयार करत नाही. ढकललेल्या ऑइलला पुढे जिथे जिथे अडथळा होतो तिथे दाब उभा राहतो. हा अडथळा म्हणजे क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यातली बारीक फट. बेअरिंग झिजले की फट वाढते, ऑइल तिथून मोकळे सुटते आणि काटा खाली येतो. फटीतून निसटणारे ऑइल फटीच्या रुंदीच्या घनाच्या प्रमाणात वाढते. फट दुप्पट झाली तर त्याच दाबाला आठपट ऑइल गळते. म्हणून वर्षानुवर्षे ठीक चाललेले इंजिन एखाद्या हंगामात अचानक दाब सोडल्यासारखे वाटते. झीज हळूहळू होत असते, गळती मात्र एकदम जाणवते. हाच घनाचा नियम पंपाच्या आतल्या फटींनाही लागू आहे. त्यामुळे दाब कमी झाला की दोन संशयित समोर येतात, पंप आणि बेअरिंग, आणि नुसत्या काट्याकडे पाहून त्यातला गुन्हेगार कोण हे कोणालाही सांगता येत नाही.

दोष आधी दिसतो तो स्लोला. वडापची, म्हणजे खाजगी प्रवासी वाहतुकीची, जुनी जीप डोळ्यांसमोर आणा. कुंभार्लीचा किंवा पसरणीचा घाट खालच्या गिअरमध्ये चढून आलेले तापलेले इंजिन, क्षमतेपेक्षा जास्त माणसे, आणि मग स्टँडच्या कोपऱ्यावर इंजिन चालू ठेवून प्रवाशांना हाका मारत दहा-पंधरा मिनिटे थांबणे. ऑइल तापून सर्वांत पातळ झालेले असते आणि पंप सर्वांत हळू फिरत असतो. दाबाची खरी परीक्षा त्या क्षणी होते, आणि नेमके तेव्हा चालकाचे लक्ष डॅशबोर्डवर नसते. चढावर ऑइल इंजिनाखालच्या चेंबरच्या मागच्या बाजूला सरकते, तेही लक्षात घ्यायला हवे. पातळी आधीच कमी असेल तर पंप जिच्यातून ऑइल ओढतो ती जाळी उघडी पडते, पंप हवा ओढतो आणि वळणावर काटा क्षणभर शून्याकडे झेपावतो. अशा गाडीला पंप बदलून काय उपयोग? तिला दोन लिटर ऑइल आणि गळतीचा शोध हवा असतो.

म्हणून पंपाला हात लावण्याआधी काही गोष्टी तपासल्याच पाहिजेत. गाडीतला काटा किंवा दिव्याचा स्विच खोटे सांगू शकतो. त्या जागी काही मिनिटे थेट नळीचे गेज लावून दाब बघावा, इंजिन थंड असताना आणि पुरते तापल्यावरही. जुन्या मिस्त्रींचा ठोकताळा मिनिटाला हजार फेऱ्यांमागे चौरस इंचाला दहा पाउंडांचा आहे, आणि कंपनीने दिलेला आकडा हाताशी नसेल तेव्हा तो बरा आधार देतो. त्यानंतर चेंबर उतरवून जाळी पाहावी. अलीकडे एक दोष फार वाढला आहे. पॅकिंग बसवताना सिलिकॉन सढळ हाताने फासले जाते, बोल्ट आवळल्यावर त्याची सुरळी आतल्या बाजूला बाहेर येते, पुढे तुटते आणि थेट जाळीवर जाऊन बसते. बाहेरून काम स्वच्छ दिसते, आत पंपाचा घसा दाबलेला असतो. पंपाकडे ऑइल आणणारी नळी तडकली असेल किंवा तिच्या जोडातले पॅकिंग कोरडे पडले असेल, तरीही पंप ऑइलऐवजी हवा पितो. हे सगळे सुटे करून, धुऊन पाहायला अर्धा दिवस लागतो. नव्या पंपाच्या पैशांपेक्षा तो स्वस्त पडतो.

आता पंप उघडू. उदाहरणाला महिंद्राची जुनी पेट्रोल जीप घेऊ, कारण विलीस कंपनीच्या परवान्यावर बनलेले तिचे चार सिलिंडरचे हरिकेन इंजिन सरकारी खात्यांपासून बागायतदारांपर्यंत सगळीकडे चालले आणि त्याची मापे उघड आहेत. या इंजिनात पंप चेंबरच्या आत दडलेला नाही. तो ब्लॉकच्या डाव्या अंगाला बाहेरून बसवलेला असतो आणि कॅमशाफ्टवरच्या तिरक्या दातांच्या गिअरने फिरतो. पलीकडच्या बाजूचा डिस्ट्रिब्युटर याच पंपाच्या शाफ्टमधल्या खाचेत जीभ अडकवून फिरतो. पंप ओढून काढणाऱ्याने ही गोष्ट विसरली की इग्निशनचे टायमिंग हातचे गेले. म्हणून आधी डिस्ट्रिब्युटरची टोपी काढायची, आतला रोटर कुठे तोंड करून आहे त्याची खूण करायची आणि मगच पंपाचे बोल्ट सैल करायचे. ही खूण करायला अर्धे मिनिट लागते. ती केली नाही तर पंप नीट होऊनही जीप सुरू होत नाही, आणि दोष भलत्याच गोष्टीवर जातो.

झाकण उघडले की आतला हिशेब डोळ्यांना दिसतो. झाकणाच्या आतल्या पृष्ठभागावर रोटर घासून चकचकीत वर्तुळे पडलेली असतात. नखाने त्याची कड जाणवली तर झीज बरीच झाली असे समजावे. पंपाच्या तोंडावर सरळ पट्टी आडवी ठेवून तिच्या आणि रोटरच्या मध्ये फिलर गेजची पत्ती सरकवायची. ही फट साधारण चार थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग), म्हणजे 0.1 मिलिमीटरच्या आत असावी. दोन रोटरच्या पाकळ्यांमधली फट दहा थाऊच्या आत, बाहेरचा रोटर आणि पंपाची भिंत यांच्यातली बारा थाऊच्या आत. झाकणावर पट्टी ठेवून एक थाऊची पत्ती खालून गेली, तर झाकण सपाट उरलेले नाही. चार मापे, चार आकडे. लिहायला पोस्टकार्डाएवढा कागद पुरतो.

या चारांपैकी झाकणाची झीज सर्वांत सहज निघते. जाड सपाट काचेवर पॉलिश पेपर पसरायचा, त्यावर थोडे ऑइल टाकायचे आणि झाकण इंग्रजी आठच्या आकारात फिरवत राहायचे; मधूनमधून झाकण थोडे वळवायचे, म्हणजे हाताचा जोर एकाच कडेवर पडत नाही. चकचकीत वर्तुळे जाऊन सगळा पृष्ठभाग एकसारखा करडा दिसला की थांबायचे. पंपाच्या तोंडाची कडही त्याच काचेवर किंचित घासून वरची फट मापात आणता येते, मात्र दर काही फेऱ्यांनी मोजत. जास्त घासले तर रोटर झाकणाला अडकतो आणि पंप जागीच धरतो. आतला शाफ्ट बुशमध्ये हलत असेल तर नवे बुश ठोकून रीमरने माप काढणे हे चांगल्या टर्नरचे नेहमीचे काम आहे.

झाकणाखालचे कागदी पॅकिंग हा तर स्वतंत्र विषय आहे. ते नुसते गळती थांबवायला नसते. त्याची जाडी रोटरच्या वरच्या फटीत धरलेली असते. बाजारात जाड कागद घ्यायचा, झाकणावर ठेवून हातोडीने कडा ठोकत पॅकिंग कापायचे, ही पद्धत वॉटर पंपाला चालते. ऑइल पंपाला तीच लावली तर कागदाची जाडी सरळ फटीत मिळते आणि सकाळभर काचेवर घासून कमावलेले माप दुपारी एका कागदात जाते. किती चांगली कामे या एका कागदामुळे फसत असतील, असे वाटल्याशिवाय राहत नाही.

रिलीफ व्हॉल्व्हबद्दल गैरसमज सर्वांत जास्त आहेत. स्प्रिंग ताणून लांब करणे किंवा तिच्यामागे वायसर घालणे म्हणजे दाब वाढवणे, असे मानले जाते. हा व्हॉल्व्ह उघडतो तो दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेल्यावर. स्लोला, तापलेल्या इंजिनात, दाब मर्यादेच्या कितीतरी खाली असतो आणि व्हॉल्व्ह मुळात बंदच असतो. बंद दाराला आणखी कडी लावून घर जास्त बंद होत नाही. वायसरमुळे वाढतो तो फक्त वेगात असतानाचा कमाल दाब, आणि त्याचा ताण पंपाच्या गिअरवर आणि फिल्टरवर येतो. व्हॉल्व्हमध्ये खरा दोष असतो तो वेगळा : धातूचा कण किंवा कार्बन अडकून तो अर्धवट उघडा राहतो, किंवा त्याच्या दांड्यावर ओरखडे पडून तो अडखळतो. तो काढून धुणे, बसण्याची जागा तपासणे आणि स्प्रिंगची लांबी कंपनीच्या मापाशी ताडून पाहणे, एवढेच त्याचे काम. उत्पादकाने शिम घालून दाब जुळवण्याची सोय दिलेली असेल, तर ती पंप आणि बेअरिंग मापात आल्यानंतर वापरायची.

जाड ऑइलाचेही तसेच. काट्यावर आकडा वाढतो, कारण जाड ऑइल फटीतून सावकाश सुटते. पण बेअरिंगला जपणारी आणि गार ठेवणारी गोष्ट म्हणजे तिथून वाहणारे ऑइल, आकडा नव्हे. पहाटे थंडीत सुरू केलेल्या इंजिनात जाड ऑइल वरच्या रॉकरपर्यंत पोचायला उशीर लागतो आणि तेवढा वेळ धातूवर धातू घासतो.

नीट केलेला पंप कोरडा बसवू नये. आत ऑइल किंवा व्हॅसलीन भरून बसवावा, म्हणजे पहिल्या फेऱ्यांत तो हवेऐवजी ऑइल ओढायला लागतो. पेट्रोल इंजिनाचे इग्निशन तोडून, डिझेलचा स्टॉप ओढून धरून, काटा हलेपर्यंत सेल्फ मारावा आणि मगच इंजिन सुरू करावे. एवढे करूनही तापलेल्या जीपचा दाब स्लोला सहा-सात पाउंडांच्या खाली किंवा ताशी 55 किलोमीटर वेगाला वीसच्या खाली राहिला, तर दोष पंपात नाही. क्रँक मोजायला घ्यावी लागेल, आणि ती दहा थाऊ की वीस थाऊ घासायची हे मायक्रोमीटर ठरवील.

प्रत्येक पंप वाचवण्याच्या लायकीचा असतो असे मात्र नाही. पंपाच्या भिंतीवर खोल चर पडले असतील, गिअरचे दात खवले गेले असतील किंवा शरीरालाच तडा असेल, तर तो बदलणे हेच शहाणपणाचे. नवा पंपही बसवण्याआधी उघडून मोजावा. नव्या पेटीतून आला म्हणजे मापात आहे, असे गृहीत धरता येत नाही.

सांगलीच्या बाबतीत एक गोष्ट वेगळी नोंदवावी लागते. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेने 57 फुटांची पातळी ओलांडली. तिथली धोक्याची पातळी 45 फूट आहे. जुलै 2021 मध्ये पुन्हा महापूर आला. दोन्ही वेळा नदीकाठच्या गावांत आणि शहरात वाहने पाण्याखाली गेली. अशा इंजिनात पाणी ऑइलमध्ये मिसळून ते पांढरट होते, आणि बारीक गाळ चेंबरच्या तळाशी बसतो. पूर ओसरल्यावर ऑइल बदलून गाडी सुरू केली जाते आणि ती चालतेही. पण ऑइल पंप फिल्टरच्या अलीकडे असतो. त्याच्यापर्यंत येणारे ऑइल फक्त जाळीतून आलेले असते आणि जाळी गाळ अडवत नाही. जुन्या इंजिनांत तर अनेकदा फिल्टरही फक्त थोड्या ऑइलाला गाळतो, बाकीचे तसेच बेअरिंगकडे जाते. पुरात बुडालेल्या इंजिनाचा चेंबर उतरवून, पंप उघडून, धुऊन, मोजूनच ते सुरू करावे. पुराच्या पंचनाम्यानंतरच्या धावपळीत हे सुचत नाही, म्हणून पावसाळ्याआधीच ते सांगत राहण्याची जबाबदारी कृषी खात्याने आणि परिवहन कार्यालयांनी घ्यावी.

या मुलखाकडून ही अपेक्षा करण्याला इतिहासाचा आधार आहे. 1910 मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या हद्दीत, कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर कारखाना आणला आणि लोखंडी नांगरापासून पंपांपर्यंतचा प्रवास तिथे झाला. सातारारोडला धनजीशा कूपर यांनी 1922 मध्ये सुरू केलेल्या उद्योगात नांगरांपाठोपाठ तेलाची इंजिने होऊ लागली.  या दोन्ही कारखान्यांच्या भट्ट्यांवर आणि लेथवर इथल्या शेतकऱ्यांच्या मुलांनी थाऊमध्ये विचार करायला शिकून घेतले. आज सातारा, कराड आणि कुपवाडच्या शेडमध्ये अचूक मापाचे सुटे भाग तयार होतात. पाच-दहा मैलांवरच्या गॅरेजात मात्र अंदाजावर पंप बदलला जातो, हे अंतर बोचते.

जुनी वाहने जपावीत की मोडीत काढावीत, हा प्रश्नही यात येतो. केंद्राने ऑगस्ट 2021 मध्ये वाहने मोडीत काढण्याचे धोरण आणले आणि त्यामागचा प्रदूषणाचा आणि सुरक्षिततेचा विचार योग्य आहे. निळा धूर सोडणारे, फिटनेस तपासणीत न बसणारे वाहन नव्या ऑइल पंपाने तरुण होत नाही. त्याला निरोप द्यावा. पण वर्षातले पाचच महिने जोमाने राबणारा, बाकी ठीक असलेला ट्रॅक्टर केवळ दाबाचा काटा खाली आला म्हणून भंगारात किंवा कर्जावर नवा घेण्याच्या फेऱ्यात जाऊ नये. तो निर्णय मोजमापावर व्हावा, आणि इथेच आपली व्यवस्था अपुरी पडते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच डिसेंबरमध्ये एक पोर्टल सुरू केले. शेतीची यंत्रे आणि वाहने, दोन्ही क्षेत्रे त्याच्या कक्षेत आहेत. या हक्काला गावपातळीवर अर्थ यायचा असेल, तर उत्पादनातून गेलेल्या इंजिनांच्या झिजेच्या मर्यादा, पॅकिंगची जाडी आणि दाबाचे आकडे कंपन्यांनी मराठीत, विनामूल्य खुले केले पाहिजेत. त्यात व्यापारी गुपित काही उरलेले नाही.

सातारा, कराड आणि सांगलीच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत मायक्रोमीटर, सरफेस प्लेट आणि शिकवणारी माणसे आहेत. हंगामाआधीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आठवड्यातला एक दिवस या संस्थांनी परिसरातल्या मिस्त्रींसाठी खुला ठेवावा; मिस्त्रींनी तिथे पंप आणि क्रँक आणून मोजून न्यावेत. डिझेल मेकॅनिकच्या विद्यार्थ्यांनाही त्यातून खरी झीज हाताळायला मिळेल. साखर कारखान्यांनी वाहतूकदारांशी करार करताना ट्रॅक्टरच्या गरम अवस्थेतल्या ऑइल दाबाची नोंद मागावी, ती त्यांच्याही फायद्याची आहे. आणि गॅरेजच्या बिलावर 'ऑइल पंप काम' या एका ओळीऐवजी चार मापे यावीत : काम करण्याआधीची आणि नंतरची, खाली थंड आणि गरम इंजिनाचा दाब. पुढच्या वर्षी तोच ट्रॅक्टर दुसऱ्या मिस्त्रीकडे गेला, तर त्याला कुठून सुरुवात करायची ते त्या कागदावरून कळेल.